एका रुळात मावणारा खेळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रेल्वेसाठी निघणारा रूळ १३० मीटर लांब असतो. अखंड, मधे एकही सांधा नसलेला. एवढा लांब अखंड रूळ जगात फार थोड्या ठिकाणी बनतो. मीटरला ६० किलो या हिशेबाने त्या एकाच रुळाचं वजन ७,८०० किलो भरतं. दोन रूळ जोडले की २६० मीटरचं पॅनेल होतं, आणि ते वॅगनींच्या लांबलचक रांगेवर चढून देशभर जातं. आम्हा भिलाईकरांकडे लांबी मोजायची याहून मोठी पट्टी नाही.

मी बेसबॉलचा चाहता आहे. राहतो पोलादाच्या गावात, क्रिकेटच्या देशात. सामने बघतो अमेरिकेतल्या मेजर लीगचे. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सामना सुरू होतो, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे ४ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. चहाचं आधण चुलीवर आणि पहिला चेंडू पिचरच्या हातात, असा दिवस उगवतो. फर्स्ट शिफ्टवाले सहाची ड्यूटी गाठायला गाड्या बाहेर काढतात, तोवर तिसरी-चौथी इनिंग आलेली असते.

अशाच एका पहाटे मी आमच्या रुळाची पट्टी या खेळाच्या मैदानाला लावून पाहिली. बेसबॉलचं अंगण म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. चार कोपऱ्यांना चार बेस आणि दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. चारही बाजू मिळून १०९.७३ मीटर. चेंडू फेकणारा पिचर उभा राहतो ती पट्टी आणि होम प्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. दोन्हींची बेरीज १२८.१७ मीटर. आता भिलाईचा एक रूळ घ्या. त्यातून चार बाजू कापा, पाचवा तुकडा पिचरसाठी कापा. उरतो तुकडा १.८३ मीटरचा. बरोबर सहा फूट. उंचापुऱ्या फलंदाजाएवढा.

अख्ख्या खेळाचा सांगाडा, खेळणाऱ्या माणसासकट, एका रुळात मावतो. हे जुळून येणं योगायोगाचं आहे, पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. हा खेळ मुळात लहान मापांचा आहे. त्याच्या भोवती वाढलेले आकडे मात्र आता रुळांत, गावांत, राज्यांत मोजावे लागतात. सुधारणा करायची असेल तर ती तिथे करावी. लहान आकडे जपावेत आणि मोठे आवरावेत, हेच माझं म्हणणं आहे.

९० फूट

बेसमधलं ९० फुटांचं अंतर १८५७ साली ठरलं. आपल्याकडे ते सत्तावनचं वर्ष होतं. नऊ खेळाडू आणि नऊ इनिंग हेही त्याच वर्षी पक्कं झालं. पिचरचं ६० फूट ६ इंचांचं अंतर १८९३ पासून चालत आलं आहे. त्यानंतर माणसं उंच झाली, बळकट झाली, बूट बदलले, ग्लोव्ह मोठे झाले. तरीही जमिनीवरून गेलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला, की चेंडू आणि धावणारा आजही जवळजवळ एकाच क्षणी पोचतात. अंतर पाच फुटांनी कमी असतं तर प्रत्येक धावपटू सुटला असता. पाच फुटांनी जास्त असतं तर एकही सुटला नसता.

हे मी कागदावर समजून घेतलं होतं, पण एका रविवारी प्रत्यक्ष पाहिलं. थंडीचे दिवस होते. कॉलनीतल्या मैदानावर मी लांब टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन गेलो. क्रिकेट खेळणारी पोरं कुतूहलाने गोळा झाली. एकाने टेपचं टोक धरलं, दुसऱ्याने चुना ओढला आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. २७.४३ मीटर मोजून झाल्यावर पोरांना ते अंतर फार वाटलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाने टेनिस बॉलला बॅट लावली आणि विटेकडे धूम ठोकली. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या विटेच्या मधल्या, जागी उभ्या पोराने चेंडू अडवला, उचलला, फेकला. मुलाचा पाय विटेवर पडायला आणि चेंडू हातात बसायला एकच गाठ पडली. तो आउट की नाबाद, यावर पाच मिनिटं भांडण झालं. पोरांची फेक कमी ताकदीची आणि धावही कमी वेगाची, त्यामुळे दोन्हींचं प्रमाण तेच राहतं. ज्या मापावर लाखो डॉलरवाले भांडतात, त्याच मापावर सेक्टरातली पोरंही भांडली.

०.४ सेकंद

पिचरचा चेंडू ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर वेगाने आला, तर हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत यायला त्याला सुमारे ०.४ सेकंद लागतात. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच. त्यातला निम्मा वेळ चेंडू ओळखण्यात जातो. उरलेल्या निम्म्यात बॅट फिरवायची की नाही ते ठरवायचं आणि ती फिरवायची. बॅट गोल, चेंडूही गोल. आपण शोएब अख्तरच्या १६१.३ किलोमीटरच्या चेंडूची आठवण अजून काढतो. आरोल्डिस चॅपमनने २४ सप्टेंबर २०१० ला टाकलेला चेंडू १०५.८ मैलांचा होता. किलोमीटरमध्ये १७० च्या वर. आणि तोही टप्पा न घेता.

या चेंडूचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित कमी. वर पांढरं कातडं आणि त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. मेजर लीगचे चेंडू कोस्टा रिका या छोट्या देशात हाताने शिवले जातात. आत मधोमध बूच आणि रबराचा गोळा आणि त्याभोवती गुंडाळलेली लोकर आणि सूत. ते सगळं उलगडलं तर सुमारे ३३७ मीटर भरतं. आमच्या रुळाच्या भाषेत अडीच रुळांहून जास्त लांबीचा धागा एका मुठीत मावलेला.

आणि हा चेंडू जातो तरी किती लांब? मेजर लीगच्या कुठल्याही मैदानात भिंत ४२६ फुटांपलीकडे नाही. होम प्लेटपासून आमचा रूळ आडवा टाकला, तर त्याचं टोक प्रत्येक मैदानात भिंतीबाहेर जाईल. २०१९ साली नोमार मझाराने मारलेला चेंडू ५०५ फूट, म्हणजे १५४ मीटर गेल्याचं मोजलं गेलं. तेवढा फटका आमच्या एका रुळावरूनही पुढे जातो, पण २६० मीटरच्या पॅनेलचं दुसरं टोक अजून कोणाच्याही चेंडूने पाहिलेलं नाही.

३,२०० वर्षं

आता मोठे आकडे घेऊ, आणि सुरुवात साधलेल्या सुधारणेपासून करू.

२०२१ साली नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास १० मिनिटं चालत होता. २०१३ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने हातात घड्याळ धरून सामने मोजले, तेव्हा प्रत्यक्ष खेळ अठराच मिनिटांचा निघाला होता. उरलेला वेळ ग्लोव्हचे पट्टे आवळण्यात, टोपी सारखी करण्यात, जागेवरून बाजूला होऊन पुन्हा जागेवर येण्यात जात होता. ज्या खेळात चेंडू ०.४ सेकंदांत येतो, तिथे दोन चेंडूंच्या मधे अर्धा-अर्धा मिनिट रिकामा जाऊ लागला होता.

२०२३ मध्ये मैदानात घड्याळ आलं. बेसवर कोणी नसेल तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. कोणी असेल तर २० सेकंदांत, आणि पुढच्या वर्षीपासून १८ सेकंदांत. २०२२ मध्ये सरासरी ३ तास ४ मिनिटं होती, ती २०२३ मध्ये २ तास ४० मिनिटांवर आली. चोवीस मिनिटं वाचली.

चोवीस मिनिटं म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हंगामात २,४३० सामने होतात. दर सामन्याला चोवीस मिनिटं धरली तर ५८,३२० मिनिटं, म्हणजे ९७२ तास, म्हणजे साडेचाळीस दिवस आणि साडेचाळीस रात्री. त्या वर्षी मैदानांवर तिकिटं गेली सुमारे ७ कोटी ७ लाख. प्रत्येक माणसाची चोवीस मिनिटं मोजली तर जवळजवळ १७० कोटी मिनिटं होतात. त्यांची वर्षं करा: ३,२०० च्या वर. आजपासून तेवढी वर्षं मागे गेलो तर आपण इसवी सनाच्या बारा शतकं आधी पोचतो. एका नियमाने, एका हंगामात, माणसांच्या आयुष्यातला इतका रिकामा वेळ परत मिळवून दिला.

त्याच वर्षी बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच केला. चौकोन तोच ठेवला, पण पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधली मोकळी जागा साडेचार इंचांनी कमी झाली. पिचरने बेसकडे वारंवार चेंडू फेकण्यावरही मर्यादा आली. याचा परिणाम असा झाला की चोरून घेतलेले, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून गाठलेले, बेस २,४८६ वरून ३,५०३ झाले. एका वर्षात ४१ टक्के वाढ. या सुधारणांनी खेळाचं हाड मोडलं नाही, फक्त त्यावर चढलेली चरबी उतरवली. पुढच्या प्रत्येक सुधारणेला मी हीच कसोटी लावतो.

२,४३०

तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. दोन संघ मिळून एक सामना, म्हणून एकूण २,४३०. २०२५ ची आयपीएल ७४ सामन्यांची होती. म्हणजे मेजर लीगच्या एका हंगामात जवळपास ३३ आयपीएल बसतात, आणि त्याही सहा महिन्यांत.

आपल्या सचिनचं उदाहरण घेऊ. चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत तेंडुलकर २०० कसोटी, ४६३ एकदिवसीय आणि १ टी-ट्वेंटी असे ६६४ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. बेसबॉलमधला रोज खेळणारा खेळाडू सामन्यांची ही संख्या पाचव्या हंगामाच्या सुरुवातीलाच ओलांडतो. कॅल रिपकेन १९८२ ते १९९८ या काळात एकही सामना न चुकवता सलग २,६३२ सामने खेळला. कसोटीचा एक सामना पाच दिवसांचा, ही तुलना तासांची नाही हे मला ठाऊक आहे. पण इतक्या वेळा बूट बांधून मैदानात उतरायचं, प्रवास करायचा, पुन्हा दुसऱ्या दिवशी उतरायचं, याची किंमत शरीराला कुठे तरी मोजावी लागतेच.

एका हंगामात सात लाखांहून जास्त चेंडू फलंदाजाकडे टाकले जातात. प्रत्येकाला १८.४४ मीटर धरले तर होतात सुमारे १२,९०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजारांच्या आसपास आहे. पिचर मंडळी दर वर्षी मुंबईपासून न्यूयॉर्कच्याही पुढे चेंडू नेऊन पोचवतात, साडेअठरा साडेअठरा मीटर करत.

माझी पहिली सूचना इथे आहे: १६२ चे १४४ करा. कोरियाच्या लीगमध्ये प्रत्येक संघ १४४ सामने खेळतो, जपानमध्ये १४३. दोन्हीकडे मैदानं भरतात आणि जगज्जेते खेळाडू घडतात. मेजर लीगमध्ये १४४ केले तर एकूण सामने २,१६० होतील, २७० कमी. तरीही त्या २,१६० मध्ये २९ आयपीएल बसतील. प्रत्येक संघाचे घरचे नऊ सामने जातील आणि त्यांच्या तिकिटांचं उत्पन्नही जाईल, हे खरं आहे. त्याची भरपाई हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत करता येईल. पहिली फेरी आज तीन सामन्यांची आहे, ती पाचांची करा. दुसरी पाचांची आहे, ती सातांची करा. लोकांना जे बघायचं असतं ते वाढेल, आणि मे महिन्यातल्या मंगळवारचा कोणाच्याही लक्षात न राहणारा सामना कमी होईल.

विक्रमांचं काय, असं विचारणारे आहेत. १९६१ पर्यंत हंगाम १५४ सामन्यांचा होता. तो १६२ झाला त्याच वर्षी रॉजर मॅरिसने ६१ होम रन मारून बेब रूथचा ६० चा विक्रम मोडला आणि जास्तीच्या आठ सामन्यांवरून मोठा वाद झाला. खेळ त्या वादातून तरला. तो पुन्हाही तरेल.

३२,२५७ दिवस

मला सर्वांत जास्त टोचणारा आकडा हा आहे. २००५ साली मेजर लीगच्या पिचरना दुखापतीच्या यादीत टाकावं लागलं २१२ वेळा. २०२४ मध्ये ४८५ वेळा. यादीत घालवलेले त्यांचे दिवस १३,६६६ वरून ३२,२५७ वर गेले. ३२,२५७ दिवस म्हणजे ८८ वर्षं. एका हंगामात पिचरांनी मिळून एक अख्खं दीर्घायुष्य बाकावर बसून काढलं.

कोपराच्या आतल्या बाजूचा एक अस्थिबंध फाटतो आणि शरीराच्या दुसऱ्या भागातला तंतू काढून तिथे बसवावा लागतो. ही शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली आणि तिला त्याचंच नाव पडलं. त्यानंतर टॉमी जॉनने आणखी १६४ सामने जिंकले. तेव्हा हा चमत्कार वाटला होता. आज शाळकरी मुलांवरही ही शस्त्रक्रिया होते.

कारण वेगाचं आहे. २००८ मध्ये वेगवान चेंडूची सरासरी ताशी ९२ मैलांच्या आत होती. २०२४ मध्ये ती ९४ च्या वर गेली. पिचर पाच-सहा इनिंग टाकतो आणि निघून जातो. त्याच्यानंतर येणारा प्रत्येक जण एकेका इनिंगसाठी सगळी ताकद पणाला लावतो. थकायचं नाही, म्हणून जपायचंही नाही. १ मे १९२० ला ब्रुकलिन आणि बोस्टन यांच्यात २६ इनिंगचा सामना झाला. दोन्ही संघांच्या एकेका पिचरने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकला. १-१ अशा बरोबरीत तो थांबला तेव्हा ३ तास ५० मिनिटं झाली होती. साय यंगने कारकिर्दीत ७४९ सामने एकट्याने पूर्ण टाकले. २०२४ च्या साऱ्या हंगामात तीस संघांना मिळून असे तीस सामनेही जमले नाहीत.

त्या वेगाने फलंदाजीही सुकली. २०१८ मध्ये मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदा अख्ख्या हंगामातले स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणं, बेसहिट्सपेक्षा, म्हणजे फटका मारून बेस गाठण्यापेक्षा, जास्त झाले: ४१,२०७ विरुद्ध ४१,०१८. चेंडू बॅटला लागला नाही तर मैदानातले बाकीचे सात-आठ जण नुसते उभे राहतात.

काहींनी पिचरला एक फूट मागे न्यायचं सुचवलं. २०२१ मध्ये अटलांटिक लीग या छोट्या लीगने ६१ फूट ६ इंचांवरून टाकून पाहिलं. फारसा फरक पडला नाही आणि पुढच्या वर्षी अंतर पूर्ववत झालं. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. १८९३ चं माप बरोबर आहे, बिघाड माणसांच्या संख्येत आहे. आज संघात २६ खेळाडू असतात आणि त्यात १३ पिचर ठेवता येतात. माझी दुसरी सूचना: ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ११ वर आणा. पिचर कमी असले की प्रत्येकाला जास्त वेळ टाकावं लागेल. जास्त वेळ टाकायचं तर हात राखून टाकावं लागेल. वेग दोन मैलांनी उतरेल, बॅटला चेंडू लागेल, पोरांचे कोपर वाचतील. लांब धावणारा माणूस पहिल्याच फर्लांगात जीव तोडत नाही, एवढं साधं हे गणित आहे. सामने १४४ झाले तर विश्रांतीचे दिवसही मिळतील, म्हणून या दोन्ही सूचना एकत्रच अमलात यायला हव्यात.

७६ कोटी ५० लाख डॉलर

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या संघाने हुआन सोटोशी १५ वर्षांचा करार केला, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा. तेव्हाच्या सुमारे ८५ रुपये दराने साडेसहा हजार कोटी रुपये.

याला आपल्याकडची पट्टी लावू. २०२५ च्या आयपीएलसाठी प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे झाले १,२०० कोटी. आयपीएलच्या सगळ्या संघांनी सगळ्या खेळाडूंवर पाच हंगाम एवढाच खर्च केला तरी सोटोच्या करारातले काही पैसे उरतील. आमच्या भिलाईत जन्मलेला शशांक सिंग २०२४ च्या हंगामात पंजाब किंग्जकडून २० लाखांवर खेळला. त्या एका हंगामात त्याने ३५४ धावा केल्या आणि पंजाबने त्याला साडेपाच कोटींना राखून ठेवला. गावाने पेढे वाटावेत अशीच ती झेप होती. सोटोच्या करारात वर्षाला सरासरी ४३३ कोटी पडतात.

सोटोबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या खेळावर पैसा उभा राहतो, त्याला तो मिळायलाच हवा. माझी तक्रार तळाशी काय उरतं याबद्दल आहे. मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, मायनर लीगमध्ये, सिंगल-ए पातळीच्या खेळाडूला २०२२ पर्यंत वर्षाला सुमारे ११,००० डॉलर मिळत. २०२२ मध्ये संघटना झाली, २०२३ मध्ये पहिला करार झाला आणि ते २६,२०० वर आले. त्या पगारावर सोटोएवढी रक्कम जमवायला २९,००० वर्षं लागतील. जपानच्या शोहेई ओहतानीचा ७० कोटींचा करार, सोटोचा ७६.५ कोटींचा, आणि त्याच शिडीच्या तळाशी एवढ्याशा पगारावर दिवस काढणारी पोरं.

संघांतही तीच दरी आहे. अमेरिकन फुटबॉलच्या लीगने १९९४ पासून पगारखर्चाला ठाम मर्यादा घातली. बेसबॉलमध्ये मर्यादा नाही, ठरावीक रकमेपुढे कर आहे. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने नुसता हा कर सुमारे १६.९ कोटी डॉलर भरला. कित्येक संघांचा अख्खा पगारखर्चही तेवढा नव्हता. २०२४ आणि २०२५ ही दोन्ही अजिंक्यपदं डॉजर्सनीच घेतली. दुसऱ्या टोकाला शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले. तिकीट काढून पोराला घेऊन जाणाऱ्या बापाने त्या हंगामात काय सांगावं?

म्हणून तिसरी सूचना. वर मर्यादा घाला, आणि खाली तळही बांधा. तळ वरच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी नसावा, म्हणजे मालकाला खेळाडू न घेता नुसता नफा खाता येणार नाही. एकूण उत्पन्नातला ठरावीक हिस्सा खेळाडूंना लेखी मिळावा, म्हणजे मर्यादेच्या नावाखाली त्यांचे पैसे मालकाच्या खिशात जाणार नाहीत. आणि त्या हिश्श्यातला ठरलेला वाटा मायनर लीगला द्यावा.

ही भांडणं चिघळली की काय होतं ते बेसबॉलने भोगलं आहे. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंनी संप केला. तो २३२ दिवस चालला, ९४८ सामने बुडाले, आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज झाली नाही. त्या वर्षी सर्वांत पुढे होता कॅनडातला माँट्रिऑल एक्सपोज, ७४ जय आणि ४० पराजय. त्या संघाला पुन्हा तशी संधी आली नाही. २००५ मध्ये तो गाव सोडून वॉशिंग्टनला गेला. सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. या तारखेच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांनी माँट्रिऑलची आठवण ठेवावी.

३७,०००

शेवटचा आकडा आपला आहे. २००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेत भारतातल्या ३७ हजारांहून जास्त मुलांनी चेंडू फेकून पाहिला. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉल कधी न पाहिलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकेतल्या मोठ्या संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय ठरले. मेजर लीगच्या मैदानापर्यंत ते पोचले नाहीत, पण ३७ हजारांतून दोन निघाले. ही चाचणी दरवर्षी झाली असती तर?

दुबईत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बेसबॉल युनायटेड या नव्या लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. त्यातला एक संघ मुंबई कोब्राज आहे. तिथे नियमांचे धाडसी प्रयोग झाले: फलंदाजी करणारा संघ ठरावीक वेळा पुकारा करू शकतो आणि त्या फलंदाजाने होम रन मारला तर धावा दुप्पट. गोलंदाजीकडूनही असाच पुकारा होतो आणि स्ट्राइकआउट मिळाला तर तिथेच इनिंग संपते. नवा प्रेक्षक यायला याचा उपयोग होईल. मला मात्र ९० फूट आणि तीन आउट यांच्यावरच जास्त विश्वास आहे. आपल्या शाळांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या स्पर्धा होतात, महाराष्ट्रात तर सॉफ्टबॉल चांगलं रुजलेलं आहे. या मुलांना दुप्पट धावांपेक्षा चांगला प्रशिक्षक, हातमोजे आणि आखलेलं मैदान मिळालं तर खेळ आपसूक वाढेल.

म्हणून चौथी सूचना, आणि ती मेजर लीगला आहे. ज्या स्पर्धेचं नाव वर्ल्ड सिरीज आहे, तिच्या तीसपैकी एकोणतीस संघ एकाच देशातले आहेत. सोटोच्या एका वर्षाच्या रकमेत आमच्यासारख्या गावांत किती मैदानं उभी राहतील याचा हिशेब करा. जगाला खेळ विकण्याआधी तो जगाच्या हातात द्या.

त्या रविवारी आखलेला चौकोन पुढच्या आठवड्यापर्यंत पुसला गेला. पोरांनी तो स्वतःहून पुन्हा आखला, या वेळी टेप न मागता, पावलं मोजून. मी नंतर टेप लावून पाहिला: ८८ फूट आले. दोन फुटांची चूक, लहान पावलांमुळे. तुमच्या जवळच्या मैदानावर तुम्हीही कधी २७.४३ मीटर मोजा, एक वीट ठेवा आणि एखाद्या पोराला तिथपर्यंत धावायला सांगा. ७६ कोटींचे करार आणि २,४३० सामने कशाच्या जोरावर उभे आहेत ते तुम्हाला तेवढ्या अंतरात दिसेल. बाकीचं सगळं बदलता येतं. ते ९० फूट तेवढे बदलू नका.